राळेगणच्या वाटेवर कोरिया

शिरूरपुढे घोडनदीचा पूल ओलांडला की नगर जिल्हा लागतो. (आता अहिल्यानगर म्हणायचे, जिभेला वळण लागेल तेव्हा लागेल.) वाडेगव्हाणला हमरस्ता सोडला, तरी मागे बसलेल्या आमच्या कन्येने मोबाइलमधून मान वर केली नव्हती. कानात कोरियन संवाद, डोळ्यांत पाणी! मराठीच्या प्राध्यापकाची मुलगी आईला लाडाने ‘ओम्मा’ म्हणते, हे दुःख मी कॉलेजात कोणाला सांगत नाही. तिला राळेगणसिद्धी दाखवण्यात माझा थोडा कावा होता, हे कबूल केलेले बरे.

हे पारनेर तालुक्यातले गाव मुळात अवर्षणग्रस्त. सैन्यातून निवृत्त झालेले अण्णा हजारे १९७५ साली इथे परतले, यादवबाबांच्या पडक्या मंदिराचा जीर्णोद्धार झाला आणि मग नालाबंडिंग, पाझर तलाव, विहिरींना पाणी. नशाबंदी, नसबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री आपण सर्वांनी वाचलेली असते. पण दुकानात बिडी-काडी नको, सिनेमाची गाणी नकोत, पुढे केबल-टीव्हीही नको, इथपर्यंत गावाने मजल मारली होती. हे मी जरा चवीनेच सांगितले.

“म्हणजे बाबा, तुम्हाला इथंच सरपंच करायला हवं होतं!” कन्या म्हणाली. सौ. हसली. मी खिडकीबाहेर पाहू लागलो.

मग तिने मलाच शिकवणी दिली. कोरियातही १९७० साली सरकारने खेड्याखेड्याला सिमेंटची पोती दिली आणि गावकऱ्यांनी आपले रस्ते आपण बांधले; ‘सेमाउल’ म्हणजे नवे गाव. (ती चळवळ लष्करी राजवटीची होती, एवढी पुरवणी मी जोडलीच.) पुढे माणसे शहरांकडे गेली, आणि शहरातल्या त्याच माणसांनी १९८० पासून २००२ पर्यंत एका शेतकरी कुटुंबाची मालिका पाहिली. १०८८ भाग! सोडलेले गाव ती माणसे पडद्यावर शोधत असावीत. जपानात २००३ साली ‘विंटर सोनाटा’ लागली, तेव्हा चित्रीकरण झालेल्या नामी बेटावर जपानी प्रौढ बायकांची रीघ लागली. आपल्याकडे मणिपुरात २००० साली एका बंडखोर संघटनेने हिंदी चित्रपटांवर बंदी घातली, आणि त्या रिकाम्या जागी कोरियन मालिका येऊन बसल्या. एक दार लावावे, तर पाहुणे दुसऱ्या दाराने हजर.

गावात एका ओळखीच्या घरी चहाला थांबलो. त्या घरची अकरावीतली मुलगी आमच्या कन्येच्या मोबाइलवरचे चित्र पाहून किंचाळलीच. त्यावरच्या गुळगुळीत चेहऱ्याच्या नटाला ती पुरती ओळखत होती! पुढचा अर्धा तास दोघी ओट्यावर बसून कुणाचे लग्न कुणाशी व्हायला हवे होते याचा निवाडा करत होत्या.

मी मुलीच्या आईला म्हटले, “वहिनी, तुम्ही काही म्हणत नाही हिला?”

“म्हणते की, सर. अभ्यास राहिला तर म्हणते.” त्यांनी कप पुढे सरकवला. “पण मी बी बसते कधीमधी, हिंदीत लागतं तवा. त्येंच्यात म्हाताऱ्यानं चमचा उचलल्याबिगर कुणी जेवत न्हाई, बगा. आमच्या सासऱ्यांना लई आवडलं ते.”

सासरे कोपऱ्यात पानाला चुना लावत बसले होते. त्यांनी नुसती मान हलवली.

आमच्या घरी रात्री तिघांची ताटे तीन वेळांना वाढली जातात, त्यांतले उशिराचे ताट माझे. मी चहा संपवला.

परतताना पाझर तलावाच्या बांधावर थोडे थांबलो. ऊन उतरले होते. मी विचारले, “त्यांच्यात बापाला काय म्हणतात गं?”

“आप्पा.”

माझ्या आजोबांना अख्खे घर आप्पा म्हणत असे. वडील गेल्यानंतर आमच्या घरात ही हाक कोणी मारलीच नव्हती. मी ते सांगू लागलो, तेव्हा कन्येने कानांतली बोंडे काढली. शिरूर येईपर्यंत ती आजोबांविषयी विचारत होती, आणि सौ. मागे बसून तिच्याच मोबाइलवर पहिला भाग पाहत होती.