तांबडा ओढा

माझे बालपण खानापूरच्या रानात गेले. वडील लाकडाच्या ठेकेदाराकडे कारकून होते. ओंडक्यांच्या ट्रकांसाठी डोंगर कापून नवा रस्ता झाला की त्यांना कोण अभिमान वाटे! पावसाळ्यात शेजारचा ओढा तांबडा होऊन वाही. इकडची मातीच तांबडी, अशी आमची समजूत.

गेल्या वर्षी कन्येकडे कॅलिफोर्नियास गेले असता रेडवुड राष्ट्रीय उद्यान पाहण्याचा योग आला. ते १९६८ साली स्थापन झाले. पण वरच्या डोंगरांवर तोड चालूच राहिली. ट्रकांचे रस्ते खचून गाळ नदीत उतरला आणि काठच्या गगनचुंबी वृक्षांच्या जिवावर बेतले. १९७८ साली तोड झालेले ते डोंगरही उद्यानात आले आणि जुने रस्ते मोडण्याचे काम सुरू झाले.

मला वाटे, फाटक लावले की रस्ता बंद! पण वापर थांबला तरी मोऱ्या तुंबतात, पाणी चाकोरीतून धावते आणि उतार घेऊन जाते. म्हणून तेथे ओढ्यांतील भराव व मोऱ्या उपसून काढतात, दबलेली जमीन उकरतात, कडेला लोटलेली माती परत आणून डोंगराला पूर्वीचा उतार देतात. मग झाडे रुजतात. सामन माशांची अंडी गाळाखाली गुदमरण्याचे भय कमी होते.

वडिलांना मी दोष देत नाही. त्या रस्त्यांवरच आमची चूल पेटली. मात्र यंदा श्रावणात माहेरी गेले, ओढा तांबडाच होता. या वेळी मी मातीला बोल लावला नाही. वर चढून वडिलांचा रस्ता पाहून आले.