शिक्क्याचा प्लाय

प्लायचा तो तुकडा काकांनी अजून जपून ठेवलाय. तळहाताएवढा, पापुद्रे सुटलेला, चार तास पातेल्यात उकळून काढलेला. इंदूरला बडा गणपतीच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. पाहुणा आला की चहाच्या आधी तुकडा बाहेर येतो.

घराणं चार पिढ्यांचं इंदूरकर, नोकरी संपलेली, गच्ची रिकामी. मग लाकडी कयाक बांधायची ठरली, एवढंच. गल्लीतल्यांनी गृहीत धरलं की 16 फुटांची ही नाव विसर्जनासाठी असणार. देवळातला गणपती 25 फुटी आणि तो विसर्जनाचा नाही, हे काका प्रत्येकाला सांगत बसले.

कयाक मूळ उत्तर ध्रुवाकडच्या शिकाऱ्यांची. लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचं कातडं ताणलेली, शिकाऱ्याच्या अंगाला बेतलेली. हल्ली घरी बांधणारे बरेच जण प्लायच्या पट्ट्या तांब्याच्या तारेने शिवतात, सांध्यांत इपॉक्सी भरतात आणि ते धरलं की तारा काढून टाकतात. शिवलेली नाव आपल्याला नवी नाही. अजिंठ्याच्या चित्रावरून बांधलेलं ‘कौंडिण्य’ हे जहाज 2025 मध्ये नौदलात आलं. त्याच्या फळ्या काथ्याने शिवलेल्या आहेत. फक्त त्याची शिवण कायमची.

काकांनी 4 मिलिमीटरच्या तीन शीट आणल्या. शिक्का ‘आयएस 710’चा, म्हणजे मरीन प्लाय. या प्लायचा डिंक 72 तास उकळत्या पाण्यात टिकायला हवा. कडा तिरक्या रंधून जोडल्या, पट्ट्या कापल्या, भोकं पाडून तळ शिवून झाला. मग उरलेला एक तुकडा सहज गॅसवर चढवला. चौथ्या तासाला तो पुरीसारखा फुगला आणि पापुद्रे सुटे झाले.

दुकानात तीन खेपा झाल्या. पहिल्या खेपेला मालक नव्हता. दुसऱ्या खेपेला त्याने तुकडा उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, “भिया, उबालोगे तो क्या होगा? किचन के लिए सब यही ले जाते हैं.” तिसऱ्या खेपेला काकांनी बिल पुढे केलं. बिलावर लिहिलं होतं, ‘प्लाय, 3 नग’. मरीन नाही, 710 नाही. मालकाने बोट ठेवून तेवढंच दाखवलं. पैशांचं काकांना फारसं काही नाही. आपण शिक्का वाचला आणि बिल वाचलं नाही, हे सलतं. म्हणून भेटेल त्याला ते सांगतात: बिलावर ग्रेड लिहून घ्या, आणि करवत लावण्याआधी तुकडा उकळा. काकूंचं म्हणणं एवढंच की पातेलं वेगळं ठेवा.

शिवलेला तळ मोडवेना. आतून-बाहेरून इपॉक्सीचे थर चढवले, बाहेरून काचेचं कापड. मे महिन्यात मिश्रण कपातच तापून दगड व्हायचं, म्हणून पहाटे पाचला काम.

घराजवळचा सिरपूर तलाव 2022 पासून रामसर यादीत आहे, तो पक्ष्यांचा. नाव गाडीच्या टपावर बांधून महेश्वरला नेली. अहिल्याबाईंच्या घाटासमोर नर्मदा संथ, तरी पहिल्या हेलकाव्यात कंबरेखालून सगळं निसटतंय असं वाटलं. दुपाती वल्ह्याचं पाणी कोपरांवरून मांडीवर ठिबकत राहिलं. सहस्रधारेकडे, जिथे 2023 मध्ये खेलो इंडियाच्या कनू स्लालमच्या शर्यती झाल्या, तिकडे काका फिरकलेही नाहीत. खडकांपुढे त्यांना आपला प्लाय आठवतो.

तीन हिवाळे झाले, तळाला एक थेंब नाही. तरी हा प्लाय फसवा होता, हे ते आजही त्याच त्वेषाने सांगतात. गेल्या महिन्यात दुसऱ्या कयाकच्या शीट आल्या. 4 मिलिमीटरचा माल जवळपास दुसरं कुणी ठेवत नाही, म्हणून त्याच दुकानातून. बिलावर या वेळी ग्रेड आहे. तुकडा अजून उकळलेला नाही.