वजन कुठलं काढायचं?

पन्नास मीटर नेमबाजीत रायफलचं वजन ८ किलोपर्यंत चालतं. भरल्या अंगाच्या नेमबाजाला तेच वजन स्थिरता देतं. पंधरा वर्षांच्या मुलीला मात्र उभ्या पोझिशनमध्ये ते पुढे ओढतं. मग प्रशिक्षक आमच्याकडे येतात, "नळी जरा तासून बारीक करा." मी नाही म्हणतो.

कारण साधं गणित आहे. नळीचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने कमी होतो. व्यास १० टक्के घटवला तर वजन साधारण २० टक्के उतरतं, पण ताठपणा एक तृतीयांश जातो. तेवढंच वजन लांबी कमी करून उतरवलं, तर ताठपणा उलट जवळजवळ दुप्पट होतो. पॉइंट टू-टूच्या काडतुसातली दारू १६ ते १९ इंचांतच आपलं काम संपवते, त्यामुळे गोळीच्या वेगाचंही नुकसान नाही. पुढची साईट पोकळ अॅल्युमिनियमच्या नळकांड्यावर पूर्वीच्याच जागी बसवता येते.

पण कापायची कुठून? चांगल्या मॅच बॅरलचं तोंड आतून किंचित आवळलेलं असतं. मऊ शिशाचा तुकडा गजाने नळीतून हळूहळू ढकलला की हाताला ते कळतं: सगळीकडे सारखा सरकणारा तुकडा शेवटच्या दोन-तीन इंचांत घट्ट होतो. गोळीचा निरोप तिथे ठरतो. पुढून कापलं तर नेमकी हीच घट्ट जागा जाते. म्हणून मी मागून कापतो आणि चेंबर नव्याने कोरतो. काम वाढतं, पण तोंड जसंच्या तसं राहतं. बाहेरून खाचा पाडणं मी टाळतो; पोलादातला ताण सुटला की आतलं भोक जागोजागी सैल होतं.

मग त्याच लॉटची काडतुसं घेऊन, रायफल शिकंज्यात बांधून आधीचा आणि नंतरचा ग्रुप ताडून पाहायचा. दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं. तिथे अंदाज चालत नाही.

प्रशिक्षकांना एकच विनंती. आधी पुढची सुटी वजनं काढा, बट लांबी-उंचीला बसवून घ्या. पुष्कळदा तेवढ्यानेच भागतं. तरीही नळीला हात लावावा लागला, तर परवानाधारक कारागिराकडेच या. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय नळी आखूड करता येत नाही.