उड्डाणविद्येचा जमाखर्च

पार्ल्यांतील आमच्या गच्चीवरून जुहूकडे पाहिलें असतां सकाळच्या वेळीं हेलिकॉप्टरें समुद्रावर जातांना दिसतात. बाँबे हायच्या तेलविहिरींवर माणसें पोंचविण्याचें तें काम. आमच्या धाकट्या बंधूंच्या मुलाला लहानपणापासून त्या आवाजाचें वेड. भरल्या ताटावरून उठून तो गच्चीवर धांवे, आणि त्याची आजी मागून "अरे, हात तरी धू!" म्हणून ओरडत राही.

२००७ सालच्या दिवाळींत या मुलानें, नुकतीच पदवी हातीं आलेली असतां, अमेरिकेंतील एका वैमानिकशाळेचें माहितीपत्रक आमच्यापुढें ठेविलें. फी सुमारें ७० हजार डॉलर. त्या वेळच्या भावानें जवळजवळ २८ लाख रुपये. एवढी रक्कम उभी करावयाची तर वाईचा वडिलोपार्जित वाडा गहाण ठेवणें प्राप्त होतें, आणि कागदावर थोरला भाऊ या नात्यानें माझी सही लागणार होती.

"शिकल्यावर नोकरी कोण देईल?" मीं विचारलें.

"शाळाच देते, काका. शिकून झालेल्यांनाच ती शिक्षक नेमते."

मीं सही केली नाहीं.

त्याच्या त्या उत्तरांतच साऱ्या धंद्याची मेख होती. व्हिएतनामच्या युद्धांत तयार झालेले वैमानिक निवृत्त होत असल्यानें अमेरिकेंत माणसांचा तुटवडा पडणार, अशी त्या सुमारास बोलवा होती, व ती अगदींच निराधार नव्हती. परंतु मेक्सिकोच्या आखातांतील तेलविहिरींच्या फेऱ्यांवर किंवा ग्रँड कॅन्यनच्या सफरींवर नोकरी मिळावयाची, तर साधारणतः १,००० तासांचें उड्डाण पदरीं असावें लागे. विद्यार्थी शाळेंतून बाहेर पडे तो सुमारें २०० तास घेऊन. (रॉबिन्सन आर-२२ या दोन आसनांच्या यंत्रावर शिकवावयासच तिकडच्या नियमानें २०० तास लागतात.) उरलेले ८०० तास आणावयाचे कोठून? नव्या विद्यार्थ्याच्या शेजारीं बसून, त्याच्या पैशानें. एका विद्यार्थ्यामागें दीडशें तास धरले तरी एका शिक्षकास पांच नवे विद्यार्थी हवेत. त्या पांचांना पंचवीस, पंचविसांना सव्वाशें! बुद्धिबळाच्या पटावरील दाण्यांची गोष्ट आपण मुलांना सांगतों, तोच हा प्रकार. बरेच जण मध्येंच विद्या सोडून देत, म्हणून कसाबसा मेळ बसे. शिवाय सुबत्तेच्या काळांत हा हिशेब मांडतो कोण? मागेल त्याला कर्ज मिळत होतें.

मग कर्जच आटलें. विद्यार्थ्यांचीं कर्जें एकत्र बांधून गुंतवणूकदारांस विकण्याचा व्यवहार २००८ च्या आरंभीं थंडावला. लास व्हेगसची सिल्व्हर स्टेट हेलिकॉप्टर्स ही त्या देशांतील फार मोठी शाळा; ३ फेब्रुवारी २००८ रोजीं, रविवारीं, तिनें एकाएकीं दारें लावलीं व लागलीच दिवाळें काढलें. अडीच हजारांवर विद्यार्थी अधांतरीं राहिले. अनेकांनीं फी आगाऊ भरलेली. विद्या अर्धी, कर्ज मात्र पुरें. शिक्षकांची अवस्था याहून विचित्र. तीनचारशें तास गांठीं असलेला तरुण शिक्षक घेऊन करावयाचें काय? शिकवावयास विद्यार्थी नाहींत, आणि पुढची नोकरी हजार तासांवांचून नाहीं.

पुतण्यानें निवडलेली शाळा निराळी होती. तरीही ती बातमी मीं जेवतांना मोठ्यानें वाचून दाखविली, आणि वर "बघ!" असेंही म्हटलें. तो मान खालीं घालून जेवत राहिला. उठतांना एवढेंच म्हणाला, "काका, हा हिशेब तुम्हीं तेव्हां केला नव्हता. तुम्हीं वाडा वांचविलात."

तें खरें होतें. वरचें सारें गणित मीं त्या बातमीनंतर मांडलें. दिवाळींत माझ्या डोळ्यांपुढें फक्त वाईचा चौक आणि त्यांतील वडिलांचा झोपाळा होता. आपल्याकडे नागरी हेलिकॉप्टरें चालविणारे पुष्कळसे वैमानिक सैन्यांतून आलेले. घरून शिकूं निघालेल्या मुलाला येथेंही दार अरुंदच. पण तेंही मला त्या वेळीं ठाऊक नव्हतें.

वाडा पुढें २०१६ सालीं भावांच्या वाटणींत विकला गेला. पुतण्या एका विमा कचेरींत नोकरी करतो. सकाळीं आवाज आला कीं अजून तो गच्चीवर जातो. मी जिन्याखालीं थांबतों. वर जात नाहीं.