कालीघाटचे मांजर

१९व्या शतकात कोलकात्याच्या कालीघाट मंदिराभोवती पटुआ चित्रकारांनी रंगवलेल्या चित्रांपैकी तोंडात कोळंबी धरलेले मांजर विशेष गाजले. शाकाहाराचा आव आणणाऱ्या ढोंगी वैष्णवांची ती थट्टा. असे स्थिर चित्र ॲनिमेशनमध्ये हलवायचे तर शेपूट, पंजा, कोळंबी वेगवेगळ्या थरांवर कापून घेतात. शेपूट उचलली की मागे भोक उरते. ते नव्याने रंगवावे लागते. सेकंदाला २४ चौकटी लागतात, पण प्रत्येक चित्र दोनदा वापरले की १२ चित्रे पुरतात. खरी अडचण छटेची. कालीघाट शैलीत ती बाह्यरेषेलगत दाट होते, त्यामुळे अवयव वळताच सांध्यापाशी तुटते. तिथे संगणकावर ओढाताण करण्यापेक्षा कुंचल्याने पुन्हा काढलेले बरे. हालचालही बेताचीच हवी: मिशा थरथरल्या, डोळा कलला, की लबाडी उतरते. मांजर धावू लागले तर ते कुठल्याही व्यंगपटातले होते.