घरघर

आमच्या घरातल्या कॉम्प्युटरमध्ये सगळ्यांत आधी जागी व्हायची ती. बटण दाबलं की पडद्यावर अक्षर उमटायच्या आत कॅबिनेटच्या पोटातून तिची घरघर सुरू व्हायची. आधी खोल, जड, मग चढत चढत एका सुराला येऊन स्थिरावलेली. "जातं लागलं बघ," आई म्हणायची. आईचं लहानपण पहाटेच्या जात्याच्या आवाजात गेलं होतं. ही उपमा तिला शोधावी लागली नाही.

ती म्हणजे आमची हार्ड डिस्क. 2012 साली आलेली, 500 जीबीची. वरून चकचकीत अॅल्युमिनियम, खालून हिरवी पाटी, आणि अंगावर एक बारीकसं छिद्र. ते बुजवू नका, अशी सूचना शेजारीच छापलेली. आतल्या आणि बाहेरच्या हवेचा दाब सारखा राहावा म्हणून ते ठेवलेलं असतं, गाळणी लावून. तिला श्वास होता, असं मला त्यामुळेच वाटत आलं.

आईची उपमा एका जागी मात्र लागू पडत नाही. जात्यात दगडावर दगड घासतो. हिच्या आत आरशासारख्या चकत्या मिनिटाला 7,200 वेळा, म्हणजे सेकंदाला 120 वेळा फिरायच्या आणि वाचणारं हेड त्यांना कधीच शिवायचं नाही. चकतीबरोबर फिरणाऱ्या हवेच्या पातळ थरावर ते अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवर तरंगायचं. माणसाचा केस हजारो नॅनोमीटर जाड असतो. चुकून टेकलं तर चरा पडणार आणि तिथलं लिहिलेलं कायमचं जाणार. इतक्या जवळ राहून वर्षानुवर्षं धक्का लागू न देणं, हा तिचा स्वभाव होता.

घरात तिचं नाव सी. ए आणि बी ही अक्षरं फ्लॉपींसाठी राखलेली होती. फ्लॉप्या गेल्या, पण तिनं पुढची जागा घेतली नाही. तिचं सकाळचं काम ठरलेलं. चालू झाल्यावर मदरबोर्डला स्वतःबद्दल थोडंच ठाऊक असतं. तो तिचा पहिला सेक्टर मागायचा. अवघे 512 बाइट. त्यात 446 बाइटांचा छोटा प्रोग्राम, 64 बाइटांत घराच्या वाटण्यांचा तक्ता आणि शेवटच्या 2 बाइटांत ओळखीची खूण. ही मांडणी 1983 पासूनची. ती खूण पटली की तो छोटा प्रोग्राम मोठ्याला उठवायचा, मोठा विंडोजला, आणि विंडोज आम्हा सगळ्यांच्या कामांना. म्हणूनच ती गेली असती, तर नुसत्या फायली गेल्या नसत्या. घरातलं उठवणारं माणूस गेलं असतं.

लाइट गेली की माझं लक्ष आधी तिच्याकडे जायचं. कॉम्प्युटर धाडकन बंद पडायचा, पण तेवढ्यात ती शेवटचं काम उरकून घ्यायची. फिरत्या चकत्यांच्या उरलेल्या वेगातून थोडी वीज काढायची आणि हेड त्याच्या सुरक्षित जागी नेऊन ठेवायची. एक हलकीशी 'टक्'. अंधारात ती ऐकू आली की मी निश्चिंत व्हायचो.

बारा वर्षांनी तिच्या आवाजात खरखर आली. विंडोज सुरू व्हायला तीन-तीन मिनिटं लागू लागली. तिचा दोष नव्हता. सुरू होताना हजारो लहान फायली लागतात आणि त्या चकत्यांवर विखुरलेल्या असतात. प्रत्येकीसाठी हात सरकवायचा, मग चकतीचा तो भाग फिरून खाली येईपर्यंत थांबायचं. एक फेरा सुमारे 8 मिलिसेकंदांचा. हजारो वेळा थांबलं की मिनिटं होतात. मी तिची तब्येत तपासली. डिस्क स्वतःची नोंद स्वतः ठेवत असते. 21,300 तास चालली होती, म्हणजे सुमारे 920 कोटी फेरे. आणि 8 सेक्टर आता वाचता येत नव्हते. घरघर हा शब्द मराठीत शेवटच्या श्वासांसाठीही आहे, हे त्या संध्याकाळी आठवलं.

तिच्यावर आईनं टाइप केलेल्या आजीच्या ओव्या होत्या. शिवाजी फाँटमध्ये. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो. त्या जुन्या फाँटांमध्ये इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठी वळणं बसवलेली असत. फाँट नसेल, तर ओवीच्या जागी इंग्रजी अक्षरांची रास दिसते. म्हणून नुसत्या फायली उचलून नेणं मला पटेना. फाँट, आईच्या सवयीची कीबोर्डची मांडणी, तिनं लावलेली फोल्डरं, सगळा संसार जसाच्या तसा हलवायचा ठरला. आणि तो ती चालती-बोलती असतानाच. उठवण्याचं काम शेवटच्या श्वासाला सोपवता येत नाही.

आधी ओव्या आणि फाँट पेनड्राइव्हवर घेतले. मग 1 टीबीची एसएसडी जोडली. तळहातावर मावणारी, हलकी, आत काहीच न फिरणारी. डिस्कची नक्कल करणाऱ्या क्लोनझिला या प्रोग्रामनं विचारलं, कुठून आणि कुठे? इथे उलटसुलट झालं असतं, तर कोरी डिस्क भरलेलीवर उतरली असती. लेबलावरचे क्रमांक मी दोनदा मोठ्यानं वाचले, आईनं ते पडद्यावर पडताळले. न वाचता येणारे सेक्टर सोडून पुढे जाण्याचा पर्याय निवडला. आणि ती लागली. तीन तास, एकदाही न थांबता, जे जे होतं ते देत राहिली. त्या तीन तासांत आम्ही खोलीतून हललो नाही.

काम संपल्यावर तिची वायर काढली. आता दोघींची ओळखखूण एकच होती, आणि एकाच घरात दोन 'सी' सुरू करायच्या नव्हत्या. बटण दाबलं. वीस सेकंदांत पडदा उजळला. आईनं तिचं फोल्डर उघडलं, ओव्यांची फाइल उघडली. अक्षरं शाबूत होती. तिनं पहिली ओवी वाचायला घेतली आणि मध्येच थांबली.

"काय झालं?"

"काही नाही. खाली आवाज नाही ना."

मग तिनं आवाज थोडा चढवला आणि ओवी पुरी केली. जुनी डिस्क टेबलावर होती, हाताला अजून कोमट लागत होती. ती गार होईपर्यंत मी तिला पिशवीत घातली नाही.