ताई, हरभरा घरात आला की दापोलीला जाऊ

प्रिय ताई,



परवा मी फोनवर दापोलीचं नाव काढलं, तर तू लगेच विचारलंस, "एवढ्या दूर जायाले तिथं कोन्ता देव हाय वं?" फोनवर दोन वाक्यांत उरकावं असं त्याचं उत्तर नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघींनी वाचावं असं, कारण तुझ्यासारख्या ताया वऱ्हाडात घरोघर आहेत.

आपल्याकडच्या बाईच्या प्रवासाची कारणं ठरलेली असतात. शेगाव, माहूर, पंढरपूर. कोणाचं लग्न, कोणाची तेरवी, लेकीचं बाळंतपण, नाहीतर नागपूरचा दवाखाना. जिथे जाईल तिथे ती कोणासाठी तरी गेलेली असते. यात्रेलासुद्धा पहाटे उठून सगळ्यांच्या दशम्या तीच बांधते. तुझ्या सासूबाई अंथरुणावर होत्या तेव्हा तू अकोल्याच्या बाहेर पडली नाहीस. त्याबद्दल तू कधी ब्र काढला नाहीस आणि मीही आज काढत नाही. पण त्या गेल्यालाही आता वर्ष होऊन गेलं. तुझे खांदे अजून दुखतात, रात्री पाय वळतात, आणि सकाळी पुन्हा तीच बादली, तोच ओटा, तेच शेत. नुसतं बसायला, शेकायला, चालायला म्हणून तू एकदा तरी कुठे गेली आहेस का? मला आठवत नाही.

देव म्हणशील तर आंजर्ल्याला कड्यावरचा गणपती आहे, आता वरपर्यंत गाडी जाते. पण मी तुला त्याच्यासाठी बोलावत नाही. गेल्या हिवाळ्यात आम्ही दापोलीला जाऊन आलो तेव्हाच मनात आलं, की ही जागा ताईची आहे. समुद्र, जुनी लेणी आणि गरम पाण्याची कुंडं, तिन्ही गोष्टी एकाच तालुक्यात.

आधी गरम पाण्याचं सांगते, कारण तुझ्या गुडघ्यांना तेच हवं आहे. दापोली तालुक्यात उन्हवरे नावाचं गाव आहे. तिथे जमिनीतून कढत पाणी वर येतं. गंधकाचा वास येतो, पहिल्यांदा नको वाटतो, मग नाक सरावतं. बायकांना अंघोळीसाठी वेगळी, आडोशाची सोय आहे. कोकणात अशा गरम झऱ्यांची रांगच आहे. उत्तरेला वज्रेश्वरी-गणेशपुरी, मग पालीजवळचं उन्हेरे, हे उन्हवरे, पुढे आरवली, तुरळ, पार राजापूरपर्यंत. पावसाचं पाणी खडकांच्या भेगांतून खोल उतरतं, जमिनीच्या पोटातल्या उष्णतेनं तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. ज्वालामुखीचा इथे काही संबंध नाही. आपल्याकडे मोर्शी तालुक्यात सालबर्डीला सातपुड्याच्या पायथ्याशी जे गरम पाण्याचे झरे आहेत, त्यांची जातही हीच. महाशिवरात्रीच्या यात्रेत तू सालबर्डीला गेली आहेस, पण गर्दीत पाय बुडवायला तरी मिळाले का?

उन्हवऱ्याला उतरायचं ते सावकाश. आधी पावलं, मग पोटऱ्या, मग कमरेपर्यंत. जास्त वेळ बसायचं नाही, आणि तुझी बीपीची गोळी चालू आहे म्हणून जायच्या आधी डॉक्टरांना विचारायचं. ही अट माझी.

ताई, आता एक बोलते, ते मनात धरून ठेव. आपल्याकडे बाईच्या अंगाला दुसऱ्याच्या हातचं तेल लागतं ते बाळंतपणात. तुझ्या पहिल्या वेळी आई कोमट तेलाची वाटी घेऊन बसलेली, ती शेजारची म्हातारी तुझी पाठ दोन्ही तळव्यांनी खालून वर चोळत होती, आणि कढत पाण्यात निरगुडीचा पाला. तू डोळे मिटले होतेस. मी दारात उभी होते, लहान होते, पण तुझा तो चेहरा मला अजून आठवतो. तसा निवांत चेहरा तुझा मी नंतर पाहिला नाही. सव्वा महिना झाला, आणि पुढे तुझ्या पाठीला कोणी हात लावला नाही. दापोलीत आयुर्वेदिक अभ्यंग करून मिळतं, बायकाच बायकांना करतात. पैसे किती हे तू विचारायचं नाहीस, ते माझ्याकडे. इतकी वर्षं सगळं घर ज्या अंगानं ओढलं, त्याला तासभर तेल लागलं तर ती काही चैन नाही.

दुसरा दिवस लेण्यांचा. पातूरची लेणी तू पाहिली आहेस, अर्धवट कोरून सोडलेली. पन्हाळेकाजीची वेगळी आहेत. कोटजाई नदीच्या काठी डोंगराच्या पोटात २९ लेणी. ती १९७० नंतर उजेडात आली, तोवर झाडीत आणि गाळात होती. दाभोळचे इतिहाससंशोधक अण्णा शिरगावकर यांना मिळालेल्या ताम्रपटाचा धागा धरून पुरातत्त्व खात्याच्या म. न. देशपांडे यांनी इथे काम केलं. शिलाहारांच्या काळात या जागेचं नाव प्रणालक होतं. सुरुवातीला बौद्ध भिक्षू राहिले, मग वज्रयानी आले, पुढे शैव, आणि शेवटी नाथपंथी. हजाराहून अधिक वर्षं माणसं त्याच खोल्यांत राहत गेली, आधीच्यांचं सगळं पुसून न टाकता. एका लेण्याच्या छतावर रामायण-महाभारतातले प्रसंग कोरले आहेत, मान वर करून बघावे लागतात. आणि थोडं बाजूला असलेल्या २९ क्रमांकाच्या लेण्यात चौऱ्याऐंशी सिद्ध, वीतभर चौकटींत एकेक बसलेला. कोणाची मांडी मोडलेली, कोणाचं नाक झिजलेलं, पण बसण्याची ढब प्रत्येकाची निराळी. मी बराच वेळ तिथेच थांबले. तुला नवनाथांच्या कथा पाठ आहेत, तू मला त्यातले ओळखून दाखवशील.

समुद्राबद्दल काय लिहू? आपण मे महिन्यात ४५ अंशात कूलरपुढे बसणारी माणसं. वारा म्हणजे लू, हेच आपल्याला माहीत. तिथला वारा ओला असतो, ओठांवर खारट लागतो. कर्द्याची पुळण लांबच लांब आहे, सकाळी ओहोटीला वाळू घट्ट असते आणि अनवाणी चालताना गुडघ्याला दणका बसत नाही. भरतीची वेळ मात्र गावातल्या माणसाला विचारायची आणि पाण्यात घोट्याच्या वर जायचं नाही. त्या किनाऱ्यांवर बाहेरगावची माणसं बुडाली आहेत, समुद्राची ओळख नसल्यामुळे. आपलीही नाही.

मार्चमध्ये गेलो तर आंजर्ल्याला कासवाची पिल्लं दिसतील. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री वाळूत शंभरेक अंडी घालते आणि निघून जाते. गावकरी ती उचलून कुंपणातल्या खड्ड्यांत ठेवतात. पूर्वी ही अंडी खाल्ली, विकली जायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ मध्ये शेजारच्या मंडणगड तालुक्यात वेळासला रक्षणाचं काम सुरू केलं आणि ते किनाऱ्यावर पसरत गेलं. दीडेक महिना उलटला की पिल्लं वर येतात. सकाळी खड्ड्यावरची टोपली उचलतात आणि पिल्लं ओल्या वाळूवर सोडतात. त्यांना हात लावायचा नाही. एखादं लाटेनं उलटं पडतं, परत सुलटं होतं, परत चालायला लागतं.

हर्णैच्या बंदरावरून समोर सुवर्णदुर्ग दिसतो, आंग्र्यांचा. १७५५ मध्ये इंग्रजांनी पेशव्यांच्या साथीनं तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला. आपल्याच आरमाराचं बळ आपल्या हातानं मोडलं, याचं मला फार वाईट वाटतं. किल्ल्याच्या उंबऱ्यावर कासव कोरलेलं आहे. पण तिथे होडीतून पाण्यात उतरावं लागतं, म्हणून तुला किल्ला काठावरूनच. संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव असतो. तू माळकरी, वास सोसवणार नाही, आपण लांब थांबू.

जेवणाची काळजी करू नकोस. तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, फणसाची भाजी, सोलकढी. तुला अळणी लागेल, ठेचा बरोबर घे.

आता दिवस. सीतादही झालं की कापसाची वेचणी संपेपर्यंत तू हलणार नाहीस, मग तूर. म्हणून हरभरा घरात आला की निघायचं. अकोल्याहून रात्रीची गाडी कल्याणपर्यंत, तिथून पनवेल गाठून कोकण रेल्वेनं खेड, आणि खेडहून एसटी. मी बडनेऱ्याला बसते, तू अकोल्याला चढ. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. खालचा बर्थ तुला. भाऊजींना ज्वारीच्या भाकरी करता येतात, हे तूच मला सांगितलं आहेस. दुधाचं आणि गोठ्याचं बघायला तुझा थोरला आहे.

भाऊजींशी बोलून तारीख कळव. आणि आधार कार्डाचा फोटो आजच पाठव, तिकिटाला तुझं वय बरोबर लागेल.

तुझी,
धाकटी
अमरावती